ऑपरेशनवाले जास्त जगतात, पण कशामुळे?

प्रोस्टेटचा कॅन्सर अजून ग्रंथीच्या बाहेर गेलेला नाही असं कळलं की पेशंटपुढे साधारण तीन रस्ते असतात. ऑपरेशन करून ग्रंथीच काढून टाकायची, रेडिएशन घ्यायचं, नाहीतर लगेच काही न करता पीएसए (रक्ताची तपासणी) आणि बायॉप्सी करत नीट लक्ष ठेवायचं. आणि तो माणूस विचारतो एकच, की यातलं काय केलं तर मी जास्त जगेन? प्रश्न अगदी साधा आहे, पण उत्तर म्हणून जे आकडे त्याच्यापुढे ठेवले जातात त्यातले बरेचसे भलत्याच प्रश्नाचं उत्तर असतात, आणि हे डॉक्टरांना माहीत असूनही पेशंटला सांगितलं जात नाही, याचा मला खरंच राग येतो म्हणून हे लिहितोय.

२०१६ हे एकच वर्ष घ्या. त्या वर्षी युरोपियन युरॉलॉजी या जर्नलमधे एक मोठा मेटाअ‍ॅनालिसिस छापून आला, १९ अभ्यास एकत्र केलेले, एकूण १,१८,८३० पेशंट. निष्कर्ष काय, तर रेडिएशन घेतलेल्यांचा प्रोस्टेट कॅन्सरने मरण्याचा धोका ऑपरेशनवाल्यांच्या २.०८ पट आणि कुठल्याही कारणाने मरण्याचा १.६३ पट. हे सगळे अभ्यास ऑब्झर्वेशनल, म्हणजे डॉक्टर आणि पेशंटनी मिळून जे ठरवलं ते ठरवलं, नंतर कोणीतरी रेकॉर्ड उघडून मोजलं. आणि त्याच वर्षी सप्टेंबरमधे ब्रिटनच्या प्रोटेक्ट ट्रायलचे दहा वर्षांचे निकाल आले. तिथे १,६४३ पुरुषांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसं तीन गटांत वाटलेलं होतं, कोणाला काय मिळणार हे कोणाच्याच हातात नव्हतं. दहा वर्षांत प्रोस्टेट कॅन्सरने गेले ते तिन्ही गट मिळून १७ जण, लक्ष ठेवलेल्यांत ८, ऑपरेशनच्या गटात ५ आणि रेडिएशनच्या गटात ४. रेडिएशनच्या गटात एकाने कमीच! दुप्पट धोका गेला कुठे मग?

आता कोणीही जाणकार लगेच म्हणेल की १७ मृत्यूंवरून काय सिद्ध होतं, आकडा फारच लहान आहे, शिवाय मेटाअ‍ॅनालिसिसमधे जास्त धोक्याचे पेशंटही होते आणि प्रोटेक्टमधे बहुतेक कमी नाहीतर मध्यम धोक्याचे. दोन्ही हरकती बरोबर आहेत. कॅन्सरच्या मृत्यूंपुरतं बोलायचं तर ट्रायल इतकंच सांगते की फरक असलाच तर तो शंभरात एखाद्या माणसाइतका आहे. २०२३ मधे पंधरा वर्षांचे निकाल आले तेव्हाही चित्र तेच होतं, लक्ष ठेवलेल्यांत १७, ऑपरेशनमधे १२, रेडिएशनमधे १६, म्हणजे ३.१, २.२ आणि २.९ टक्के. पण दुसरा आकडा बघा ना, तो लहान नाही. कुठल्याही कारणाने झालेले मृत्यू ३५६. त्यात लक्ष ठेवलेले १२४, ऑपरेशनचे ११७ आणि रेडिएशनचे ११५, गट जवळपास सारख्याच आकाराचे. ऑपरेशनमधे २१ टक्के, रेडिएशनमधे २१ टक्के. रेडिएशनमुळे माणसं खरोखरच १.६३ पट मरत असती तर ते इतक्या मृत्यूंमधे दिसल्याशिवाय राहिलं नसतं.

आणि याच आकड्यांत खरी गोम आहे. ३५६ पैकी प्रोस्टेट कॅन्सरने गेलेले फक्त ४५. बाकीचे ३११ जण हार्ट, फुफ्फुसं, दुसरे कॅन्सर, म्हातारपण अशा कशाकशाने गेले. हा आजारच असा हळू आहे की ज्याला तो होतो तो बहुतेक वेळा दुसऱ्याच कशाने जातो. त्यामुळे प्रोस्टेटच्या पेशंटचे दोन गट घेऊन 'कोण जास्त जगलं' असं विचारलं की आपण नकळत 'कोणत्या गटात मुळातच जास्त तब्येतदार माणसं होती' हे मोजत बसतो, आणि ट्रीटमेंटचा वाटा त्यात कुठेतरी कोपऱ्यात असतो.

हे नुसतं तत्त्व म्हणून कळत नाही, आकडे मांडून बघितलं की पटतं. समजा, निव्वळ समजा हं, की ऑपरेशन आणि रेडिएशन दोन्ही अगदी सारखी चांगली आहेत, कणभरही फरक नाही. ऑपरेशन झालेले १००० लोक घ्या, त्यात ८०० धडधाकट आणि २०० आजारी, कारण सर्जन भूल सहन होणार नाही अशा माणसाला टेबलावर घेतच नाही. रेडिएशनवाले १००० घ्या, त्यात ३०० धडधाकट आणि ७०० आजारी. धडधाकट माणसं दहा वर्षांत शंभरात १० जातात, आजारी शंभरात ४० जातात असं धरू. ऑपरेशनच्या गटात ८० आणि ८० मिळून १६० मृत्यू. रेडिएशनच्या गटात ३० आणि २८० मिळून ३१०. जवळजवळ दुप्पट! ट्रीटमेंटमधे शून्य फरक असताना. कागदावर दोन मिनिटांत येणारी ही दुप्पट आणि जर्नलमधे छापून आलेली ती दुप्पट या दिसायला सारख्याच असतात, त्यांच्या कपाळावर काही लिहिलेलं नसतं.

यावर उत्तर ठरलेलं आहे की आम्ही वय, डायबेटिस, हार्टचा आजार सगळं धरून हिशेब अ‍ॅडजस्ट केलाय, प्रोपेन्सिटी स्कोअर लावून सारख्याला सारखा पेशंट जोडलाय. केलंय ते खरंच, आणि करायलाच हवं, त्यात खोटं कोणी काही करत नाही. पण जोडी लावायची तर जे रेकॉर्डमधे आहे त्याच्यावरच लावता येते. पेशंट दारातून आत आला, दोन पायऱ्या चढून त्याला धाप लागली, बोलताना थोडा विसरतोय, घरी बघणारं कोणी नाही, हे डॉक्टरच्या डोळ्यांना तीस सेकंदात दिसतं आणि तिथेच अर्धा निर्णय झालेला असतो. विम्याच्या क्लेमसाठी जे कोड भरले जातात त्यात मात्र 'डायबेटिस: आहे' एवढंच येतं. रोज पाच किलोमीटर चालणाऱ्याचा डायबेटिस आणि पायाला जखमा झालेल्याचा डायबेटिस कॉम्प्युटरला एकच. म्हणजे निर्णय ज्या माहितीवर झाला ती माहितीच डेटात नाही, मग अ‍ॅडजस्ट करणार कशाला?

यात मला सगळ्यात जास्त खटकणारी गोष्ट म्हणजे मोठ्या आकड्याचा दरारा. 'लाखभर पेशंटचा डेटा' म्हटलं की समोरचा गप्पच होतो. नमुना मोठा झाला की योगायोगाची चूक कमी होते हे खरं, पण निवडीतली चूक एका पैशानेही कमी होत नाही. वजनकाटाच दोन किलो जास्त दाखवत असेल तर त्याच्यावर दहा वेळा उभे राहा नाहीतर लाख वेळा, सरासरी दोन किलो जास्तच येणार, उलट लाख वेळा केल्यावर तुमची खात्री मात्र उगाच पक्की होणार. मोठ्या रजिस्ट्रीत, म्हणजे पेशंटच्या नोंदींच्या मोठ्या साठ्यात, नेमकं हेच होतं, कॉन्फिडन्स इंटरव्हल (खरा आकडा ज्या पट्ट्यात असावा असा अंदाज) इतका अरुंद येतो की वाचणाऱ्याला वाटतं शंकेला जागाच नाही, आणि तो अरुंद पट्टा चुकीच्या जागी बसलेला असतो.

मग रजिस्ट्रीचा निकाल खरा का खोटा हे ओळखायचं कसं? एक तपासणी आहे, फार सोपी आणि अजिबात खर्चिक नाही, आणि ती प्रत्येक अशा पेपरात सक्तीची का नाही हे मला कळत नाही. ऑपरेशनमुळे प्रोस्टेट कॅन्सरचे मृत्यू कमी होतील हे शक्य आहे. पण ऑपरेशनमुळे हार्ट अ‍ॅटॅक किंवा न्यूमोनियाचे मृत्यू कमी होण्याचं काही कारण नाही. तेव्हा दोन्ही गटांत बाकीच्या कारणांनी किती गेले ते मोजा. तिथेही ऑपरेशनवाले भरपूर पुढे दिसले तर समजायचं की गट मुळातच वेगळे होते, अ‍ॅडजस्टमेंट पुरी पडलेली नाही, आणि कॅन्सरच्या मृत्यूंमधल्या फरकावरही मग विश्वास ठेवता येत नाही.

ही कल्पना माझ्या डोक्यातून आलेली नाही. २००८ मधे अमेरिकेत काही संशोधकांनी मेडिकेअरला, म्हणजे तिथल्या म्हाताऱ्या माणसांच्या सरकारी विम्याला, जोडलेल्या कॅन्सर रजिस्ट्रीवर असंच मुद्दाम तपासून पाहिलं. ट्रीटमेंट घेतलेले पेशंट नुसतं लक्ष ठेवलेल्यांपेक्षा प्रोस्टेट कॅन्सरने कमी मेले असं डेटा सांगत होता, पण तोच डेटा असंही सांगत होता की ते बाकीच्या कारणांनीही बरेच कमी मेले, जे ट्रीटमेंटचं श्रेय असूच शकत नाही. आणि त्यांनी अजून एक गोष्ट केली जी मला त्याहून बोलकी वाटते. आजूबाजूला पसरलेल्या प्रोस्टेट कॅन्सरमधे नुसत्या रेडिएशनपेक्षा रेडिएशन अधिक हॉर्मोन बंद करणारी इंजेक्शनं जास्त चांगली, हे आधीच रँडमाइज्ड, म्हणजे चिठ्ठ्या टाकून केलेल्या, ट्रायलमधून पक्कं झालेलं होतं. १९९७ मधे युरोपातल्या ४१५ पेशंटच्या ट्रायलमधे पाच वर्षं जगणारे नुसत्या रेडिएशनमधे ६२ टक्के आणि इंजेक्शनं जोडल्यावर ७९ टक्के, हा काही बारीकसारीक फरक नाही. तोच प्रश्न रजिस्ट्रीला विचारला तर उत्तर उलटं आलं, इंजेक्शनं घेतलेलेच प्रोस्टेट कॅन्सरने जास्त मेले! का, तर ज्यांचा आजार डॉक्टरला जास्त वाईट वाटला त्यांनाच इंजेक्शनं दिली गेली होती. समजा ट्रायल कधी झालीच नसती आणि आपण रजिस्ट्रीवर विसंबून राहिलो असतो, तर माणसं वाचवणारी ट्रीटमेंट आपण घातक म्हणून बंद केली असती.

अजून बऱ्याच बारीक गोष्टी असतात ज्या बाहेरच्या माणसाच्या लक्षात येत नाहीत. ऑपरेशन झालं की ग्रंथी लॅबमधे जाते, काप करून मायक्रोस्कोपखाली बघतात, आजार नक्की किती पसरलाय ते कळतं. रेडिएशनवाल्याची ग्रंथी शरीरातच राहते, त्याची स्टेज बोटाने तपासून, सुईच्या बायॉप्सीवरून आणि स्कॅनवरून धरलेली. म्हणजे एकाची स्टेज उघडून बघितलेली आणि दुसऱ्याची बाहेरून अंदाज केलेली, आणि आपण दोघांना 'सारखी स्टेज' म्हणून शेजारी उभं करतो. पूर्वी असंही व्हायचं की ऑपरेशन सुरू केलं, लिम्फ नोडमधे कॅन्सर सापडला, सर्जनने टाके घालून बंद केलं आणि पेशंटला दुसऱ्या ट्रीटमेंटकडे पाठवलं. तो वाईट आजाराचा पेशंट ऑपरेशनच्या खात्यातून निघाला आणि दुसऱ्याच्या खात्यात जमा झाला.

वेळेचाही असाच घोळ. प्रोटेक्टमधे लक्ष ठेवायच्या गटातल्या ६१ टक्के लोकांनी पंधरा वर्षांत कधी ना कधी ऑपरेशन किंवा रेडिएशन घेतलंच. ट्रायलमधे ते शेवटपर्यंत मूळ गटातच मोजले गेले. रजिस्ट्रीत काय होतं, चार वर्षं लक्ष ठेवून मग ऑपरेशन केलेला माणूस 'ऑपरेशन' म्हणून नोंदला जातो, आणि निदानापासून मोजलं तर ती आधीची चार वर्षंही ऑपरेशनच्याच नावावर चढतात. आणि जो वाट बघतानाच हार्टने गेला तो कायमचा 'ट्रीटमेंट न घेतलेला'. ऑपरेशनच्या गटात शिरायला चार वर्षं जिवंत राहणं ही अटच झाली ना ही!

आणि जुन्या काळातले पेशंट आणि आताचे यांची तुलना तर करूच नये असं माझं मत आहे. अमेरिकेतल्या कनेटिकटमधे १९९० ते १९९२ मधल्या बायॉप्सीच्या काचा बऱ्याच वर्षांनी पुन्हा बाहेर काढून नव्या पद्धतीने वाचल्या. माणसं तीच, काचा त्याच, मृत्यूही तेच. पण ग्लीसन स्कोअर, म्हणजे कॅन्सर मायक्रोस्कोपखाली किती वाईट दिसतो त्याची ग्रेड, सरासरी ५.९५ चा ६.८ झाला, कारण वाचायची पद्धत मधल्या काळात कडक झाली होती. खालच्या ग्रेडमधले त्यातल्या त्यात वाईट वर सरकले, त्यामुळे खालची ग्रेड सुधारली, आणि ते वरच्या ग्रेडमधे त्यातल्या त्यात बरे म्हणून वरचीही सुधारली. ग्रेड धरून हिशेब केला तर मृत्यूदर २८ टक्क्यांनी उतरलेला दिसला, एकही माणूस एक दिवसही जास्त जगलेला नसताना. आता याच्या जागी 'नवी मशीन आल्यापासून आमचे रिझल्ट सुधारले' हे वाक्य ठेवून बघा.

माझे मामा ७१ वर्षांचे होते तेव्हा त्यांचा कॅन्सर सापडला, आधी बायपास झालेली. एका ठिकाणी त्यांना लॅपटॉपवर ग्राफ दाखवला, दोन रेषा, ऑपरेशनची वर, रेडिएशनची खाली, वर्षं जातील तसं अंतर वाढत गेलेलं. मामांनी आयुष्यभर हिशेबाचंच काम केलेलं, त्यांनी फक्त एवढंच विचारलं, "डॉक्टर, या वरच्या रेषेतली माणसं माझ्यासारखी आहेत का हो?" डॉक्टर प्रामाणिक होते, म्हणाले नाही, बरीचशी तुमच्याहून तरुण आणि हार्टचा त्रास नसलेली. मग ती रेषा मामांना दाखवली कशाला हा प्रश्न माझ्या मनात इतकी वर्षं झाली तरी आहे. विचारायचं सुचलं म्हणून कळलं, किती जणांना सुचत असेल? कॅन्सर शब्द ऐकल्यावर माणसाचं डोकं चालत नाही त्या दिवसांत, वरची रेषा बघून तो सही करून मोकळा होतो.

हे सगळं वाचून कोणी म्हणेल की मग रजिस्ट्र्या बंद करा. अजिबात नाही, मी याच्या पूर्ण विरुद्ध आहे. आज कमी ग्रेडच्या कॅन्सरला हात न लावता लक्ष ठेवलं जातं आणि हजारो पुरुष नको त्या ऑपरेशनमधून वाचतात, त्या धाडसाच्या मुळाशी ऑब्झर्वेशनल डेटाच आहे. कनेटिकटमधेच १९७१ ते १९८४ मधे निदान झालेल्या आणि ऑपरेशन किंवा रेडिएशन न घेतलेल्या ७६७ पुरुषांचा २० वर्षं पाठपुरावा केला. सगळ्यात कमी ग्रेडच्या लोकांमधे प्रोस्टेट कॅन्सरचे मृत्यू हजार माणूस-वर्षांमागे (म्हणजे हजार माणसं एक वर्ष बघितली तर) ६ आणि सगळ्यात जास्त ग्रेडमधे १२१. इथे दोन ट्रीटमेंटची तुलनाच नाही, प्रश्न फक्त एवढाच की हा आजार सोडून दिला तर काय करतो, आणि त्याला रजिस्ट्रीइतकं चांगलं उत्तर कोणीच देऊ शकत नाही.

साइड इफेक्टचंही तसंच. लघवी न थांबणं, इरेक्शन न येणं, शौचाला वारंवार धावावं लागणं, याबद्दल पेशंटला स्वतःला विचारून भरलेले फॉर्म वर्षानुवर्षं गोळा केले तर ते सोन्यासारखे असतात. १९९४-९५ मधे निदान झालेल्या १,६५५ अमेरिकन पुरुषांचा पंधरा वर्षं असा पाठपुरावा झाला. दोन आणि पाच वर्षांनी ऑपरेशनवाल्यांना लघवीचा आणि इरेक्शनचा त्रास स्पष्टपणे जास्त, रेडिएशनवाल्यांना शौचाचा जास्त, आणि पंधरा वर्षांपर्यंत हा फरक पुसट होत जवळपास गेलेलाच. प्रोटेक्टने चिठ्ठ्या टाकून तेच दाखवलं, सहा महिन्यांनी पॅड वापरणारे ऑपरेशनमधे ४६ टक्के आणि रेडिएशनमधे ५ टक्के, सहा वर्षांनीही १७ आणि ४. रजिस्ट्री आणि ट्रायल इथे एका दिशेने का बोलतात? कारण परिणाम प्रचंड मोठा आहे, ट्रीटमेंटच्या मागोमाग लगेच येतो, आणि हार्ट धडधाकट आहे म्हणून कोणाची लघवी ताब्यात राहते असं नाही. गटांमधला फरक या परिणामाला गिळू शकत नाही. जगण्या-मरण्यातला फरक मात्र लहान, उशिरा येणारा, आणि तब्येतीला चिकटलेला, म्हणून तिथे रजिस्ट्री फसते. डेटा तोच, प्रश्न बदलला की त्याची लायकी बदलते, आणि माझं सगळं म्हणणं इथेच येऊन थांबतं.

ट्रायल करणं सोपं नाही हेही मान्य. ऑपरेशन विरुद्ध ब्रॅकीथेरपी, म्हणजे ग्रंथीत किरणोत्सारी दाणे बसवायचे, अशी एक ट्रायल अमेरिका-कॅनडात सुरू झाली होती, २००४ मधे बंद करावी लागली, जेमतेम ५६ पुरुष मिळाले. लोक चिठ्ठीवर जीव सोपवायला तयारच होत नाहीत असं तेव्हा म्हटलं गेलं. पण प्रोटेक्टवाल्यांनी काय केलं ते बघण्यासारखं आहे. त्यांनाही सुरुवातीला दहातले चारच जण हो म्हणत होते. तेव्हा जेनी डोनोव्हन आणि त्यांच्या टीमने डॉक्टर-पेशंटची बोलणी रेकॉर्ड करून ऐकली. लक्ष ठेवायच्या पर्यायाचं नाव आणि वर्णन असं होतं की पेशंटला वाटायचं आपल्याला काहीच न करता मरायला सोडणार. सांगायचा क्रम असा की ऑपरेशन आणि रेडिएशन हेच खरे उपाय वाटावेत. त्यांनी शब्द बदलले, 'अ‍ॅक्टिव्ह मॉनिटरिंग' म्हणायला लागले, तिन्ही पर्याय सारख्या वजनाने मांडायला सांगितले, आणि हो म्हणणारे दहात सात झाले. म्हणजे अडचण पेशंटच्या तयारीची नव्हती, सांगणाऱ्याच्या मनात आधीच ठरलेल्या उत्तराची होती. २००० साली अमेरिकेत एक सर्व्हे झाला होता, त्यात ९३ टक्के युरॉलॉजिस्टनी ऑपरेशनलाच पसंती दिली आणि ७२ टक्के रेडिएशनवाल्या डॉक्टरांनी दोन्ही सारखेच म्हटलं. कोणी लबाडी करत होतं असं मी म्हणत नाही, पण ज्याच्या मनात खात्री आहे त्याच्या तोंडून 'आम्हाला माहीत नाही' हे वाक्य निघणं अवघड असतं, आणि ट्रायलमधे यायला पेशंटला नेमकं तेच वाक्य ऐकावं लागतं.

ट्रायललाही मर्यादा आहेत. प्रोटेक्टमधले जवळपास सगळे गोरे, निदानाच्या वेळी मधलं वय ६२, बायॉप्सी एमआरआयच्या आधीच्या जमान्यातल्या. जास्त धोक्याच्या कॅन्सरला ती उत्तर देत नाही, ७५ च्या पुढच्या माणसाला देत नाही. दुसऱ्या ट्रायलही थोडं थोडं वेगळं बोलतात. स्कँडिनेव्हियातल्या ६९५ पुरुषांच्या ट्रायलमधे २३ वर्षांत ऑपरेशनने सरासरी २.९ वर्षं आयुष्य वाढलेलं दिसलं, पण तिथले बहुतेक कॅन्सर पीएसएने सापडलेले नव्हते, बरेचसे हाताला लागण्याइतके वाढलेले. अमेरिकेत माजी सैनिकांच्या दवाखान्यांतल्या ७३१ पुरुषांमधे मात्र ऑपरेशनच्या गटात ४७ टक्के गेले आणि नुसतं लक्ष ठेवलेल्यांत ४९.९, हा फरक योगायोगानेही पडू शकतो इतका लहान. शेवटी आजार किती पुढे गेलाय, माणूस किती वयाचा आहे आणि त्याला बाकी काय काय आहे, यावरच सगळं येतं.

तेव्हा जिथे ट्रायल नाही तिथे रजिस्ट्रीकडेच वळावं लागणार, पण वळताना शिस्त हवी. आता एक चांगली पद्धत आलीये, आधी कागदावर अशी ट्रायल आखायची जी करायला आवडली असती, कोण आत घेणार, कधीपासून मोजणार, कोणत्या गटात कोण, आणि मग रजिस्ट्रीतून तिची नक्कल करायची. वर सांगितलेला वेळेचा घोळ त्याने बराच सुटतो, न नोंदलेल्या तब्येतीचा मात्र सुटत नाही. दुसरी युक्ती अशी की एका भागातले डॉक्टर ऑपरेशनकडे झुकलेले आणि दुसऱ्या भागातले नाहीत, या फरकाचाच चिठ्ठीसारखा वापर करायचा. २०१० मधे मेडिकेअरच्या डेटावर तसं केल्यावर ऑपरेशनचा फायदा, जो नेहमीच्या हिशेबात ठळक दिसत होता, तो बराचसा विरून गेला आणि उत्तर ट्रायलच्या जवळ आलं. त्यातही गृहीतकं आहेतच, आणि ती सगळी तपासता येत नाहीत.

मला हवंय ते फार नाही. जर्नलांनी दोन ट्रीटमेंटच्या जगण्याची तुलना छापताना बाकीच्या कारणांच्या मृत्यूंचा तक्ता पहिल्या पानांत मागावा, नसेल तर परत पाठवावा. 'दुप्पट धोका' असं लिहायचं असेल तर शेजारी शंभरात किती ते लिहिल्याशिवाय छापू नये, कारण शंभरात एकाचे दोन झाले तरी ते दुप्पटच असतं. रजिस्ट्र्या चालवणाऱ्यांनी कॅन्सरच्या ग्रेडइतक्याच काळजीने माणूस जिने चढू शकतो का, स्वतःचं स्वतः करतो का हे नोंदवायला सुरुवात करावी, आज ते नोंदवलं तर दहा वर्षांनी उपयोगी पडेल. आणि सरकारी पैशाने ट्रायल चालवाव्यात, कारण ऑपरेशन विरुद्ध रेडिएशन या प्रश्नात कुठल्या औषध कंपनीला रस असायचं कारण नाही. लांब गेलेला नाही पण ग्रंथीच्या आजूबाजूला पसरलाय अशा कॅन्सरसाठी ऑपरेशन का रेडिएशन, याची एक ट्रायल स्कँडिनेव्हियात २०१४ पासून चालू आहे. तिचं उत्तर येईपर्यंत असा आजार असलेल्या प्रत्येक माणसाला कोणीतरी समोर बसून सांगायला हवं की या दोन्हीत जास्त कशाने जगाल हे अजून ठरलेलं नाही, पण लघवी, शौच आणि इरेक्शनचं काय होतं ते मात्र बऱ्यापैकी ठरलेलं आहे, तुम्हाला यातलं काय सोसेल ते आधी बोलूया.